‘इथे होणार नाही’ एवढेच लिहायचे होते

परदेशी उपचारांचा खर्च मंजूर करणाऱ्या सरकारी समितीचा नकार ई-मेलने आला, तेव्हा सात वर्षांच्या मैत्रेयीचे वडील, कुलकर्णी, माझ्या टेबलासमोरच बसले होते. कारण एका ओळीचे होते. उपचार भारतात शक्य असल्याने परदेशातील खर्च मंजूर करता येत नाही.

मी हुबळीतल्या एका नेत्ररुग्णालयात जेनेटिक्स विभागात काम करते. मैत्रेयीच्या एका जीनमधल्या दोषामुळे तिच्या रेटिनातल्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या, पेशी हळूहळू मरत होत्या. संध्याकाळ झाली की तिला मळमड्डीतल्या स्वतःच्या घराचे फाटकही दिसत नसे. निरोगी जीन रेटिनाखाली सोडण्याचा उपचार परदेशात होतो, पण तो जिवंत पेशींवरच चालतो. थांबणे परवडणारे नव्हते. कुलकर्णी केंद्र सरकारी नोकर. उपचार देशात नसेल, तर सरकार खर्च उचलू शकते. मात्र तज्ज्ञाने तसे स्पष्ट लिहून द्यावे लागते.

“मॅडम, आपण तर सगळं जोडलं होतं की.”

मी फाइल उघडली. माझ्या अहवालात संदिग्ध काहीच नव्हते. आमच्या विभागप्रमुख सरांच्या पत्राचा शेवट मात्र असा होता: ‘स्थानिक पातळीवर प्रयत्न करता येईल.’ कोणता प्रयत्न? तो उपचार देशात कोणाकडेच नव्हता.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. पत्र लिहिताना मुलीची आई समोर रडत होती, असे त्यांनी शांतपणे सांगितले. आमच्या भागात पेशंटला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. कानडीत ‘नोडोण’ म्हणतात, म्हणजे बघू या. सरांनी तेच सौजन्य टाइप करून समितीला पाठवले होते.

“सर, धीर समितीला द्यायचा नव्हता.”

“तू अजून लहान आहेस. कुणाची आशा काढून घेऊ नये.”

“तिची आशा परदेशात आहे. तिथे जायला तुमचा नकार लागतो.”

सरांनी चष्मा काढला. “म्हणजे मला येत नाही, असं मी लिहून देऊ?”

“तुम्हाला नाही, सर. देशात कुणालाच येत नाही.”

हे त्यांना पटले. नव्या पत्रावर लगेच सही झाली.

मग समितीची बैठक लांबली. पुढच्या बैठकीला नेत्रतज्ज्ञ सदस्यच गैरहजर. अखेर मंजुरी आली. प्रवासापूर्वी रेटिनाचा स्कॅन पुन्हा केला. डाव्या डोळ्यात उपचार करण्याइतक्या पेशी उरल्या नव्हत्या. पहिला अर्ज केला तेव्हा त्या होत्या.

उजव्या डोळ्यावर उपचार झाला आणि तो यशस्वी ठरला. परत आल्यावर कुलकर्णींनी सरांना वाकून नमस्कार केला. म्हणाले, “पहिल्या दिवसापासून तुम्हीच धीर दिलात, सर.”

सरांनी माझ्याकडे पाहिले नाही.

आता विभागातून बाहेर जाणारे प्रत्येक पत्र आधी मी वाचते. धीर तोंडी द्यावा. समितीला फक्त वस्तुस्थिती पाठवावी.