चटणीसाठी थांबलेला डबा

मित्रांनो, आज दुकानात मन लागंना, म्हणून लिहायलो.

उदगीरला माझं मेडिकल आहे. गल्लीतल्या महानंदाकाकूंचा थोरला मुलगा अमेरिकेत, धाकटा जर्मनीत. घरच्या जवसाच्या चटणीचे दोघांचे डबे माझ्याच दुकानात बांधले जातात. थोरल्याची नोकरी सुटली, तसा नोकरीवर मिळणारा दवाखान्याचा विमाही गेला. तेव्हापासून त्याच्या डब्यात चटणीखाली बीपीच्या गोळ्या जायच्या. धाकट्याला नुसती चटणी. त्याला तिकडं डॉक्टर बघतो, औषधं मिळतात.

आज काकू एकच डबा घेऊन आल्या. मी सवयीनं गोळ्या काढल्या.

"नको रे, हा धाकट्याचा हाय. थोरल्याला लकवा झाला. घास गिळता येईना त्याला."

"आणि गोळ्या?"

"संपल्या होत्या. ह्या दुष्काळात घरचा जवस कुठला? नुसत्या गोळ्यांचा डबा लेकराला कसा पाठवू, म्हणून थांबले. हा जवस बाजारचा हाय."

बाहेर चौकात उदगीर जिल्ह्यासाठी धरणं चालू होतं. जिल्हा झाला की मोठा दवाखाना येईल, म्हणत होते. दवाखान्यावर अमेरिकेएवढा पैसा कुठलाच देश घालत नाही. तरी जर्मनीतला भाऊ धडधाकट आणि अमेरिकेतला अंथरुणात. एवढा पैसा जातो कुठं, कुणाला माहीत असेल तर सांगा.

तुमच्या घरून असा डबा जात असेल, तर चटणीसाठी थांबू नका.

तीन महिने काकू गोळ्या न्यायला आल्या नव्हत्या. माझ्या लक्षात आलं होतं. मी विचारलं नाही.