ओक्तावचं काही न करणं

ज्युराच्या डोंगरउतारावर ओक्ताव वियेर्मोची ख्याती एकच: हा गृहस्थ चाळीस वर्षं काहीही न करता पोट भरत आला. यात खोटं काही नव्हतं. पिवळी वाइन होते तशीच. पिंप भरायचं, बूच ठोकायचं आणि सहा वर्षं तीन महिने हात लावायचा नाही. वाइन आटत जाते, वर दुधासारखी साय धरते, पुढचं सगळं ती साय बघते. मधेच कुणी ओतून पिंप भरलं, की साय फाटली आणि मुसळ केरात.

ओक्तावच्या शेवटच्या पिंपाला सात महिने उरले असताना हर्नियाने दगा दिला. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी जावयाचा फोन आला. जावई बाझिल, लग्नाला चार महिने झालेला, बर्गंडीचा. तिकडे पिंप सदा काठोकाठ भरलेलं लागतं. बोटभर रितं दिसलं तरी त्या लोकांना जेवण जात नाही.

"मामा, तुमचं पिंप तिसरा हिस्सा रिकामं आहे हो! वय झालं, विसरला असाल. मी भरून टाकतो. निघालोच तळघरात."

"अरे गाढवा, थांब!" पण फोन बंद, आणि तळघरात फोन लागत नाही.

आयुष्यात कधी घाई न केलेला ओक्ताव दवाखान्याच्या झग्यातच निघाला. चीजच्या ट्रकने त्याला घरापर्यंत सोडलं. झग्याची नाडी मागे सुटलेली. गल्लीतल्या बायकांनी खिडक्या बंद केल्या, पण सावकाश.

तळघरात बूच काढलेलं, नरसाळं लावलेलं, बाझिलच्या हातात भरलेला डबा. ओक्तावने नरसाळं भिरकावलं आणि बॅटरी धरून आत डोकावला. साय शाबूत होती. त्याने बूच ठोकलं आणि टाके सांभाळत पिंपावरच बसला.

"जावईबापू, हे तळघर तुम्हालाच द्यायचं होतं मला."

बाझिलचा चेहरा उतरला. "मग आता?"

"आता परीक्षा. सात महिने इथे यायचं, बघायचं आणि काही करायचं नाही. जमलं तर किल्ली तुमची."

दारातून त्याची मुलगी नोएमी म्हणाली, "बाबा, किल्ली आत्ताच देऊन टाका. काही न करण्यात ह्याचा हात धरणारा कुणी नाही. चार महिने घरात बघतेय मी."