दुधाखालचा गॅस

माझी सून गोल्फच्या मैदानावर गवत कापायचं मशीन चालवते. मशीन ट्रॅक्टरच्या धाकट्या भावासारखं दिसतं आणि ती त्यावर थोरल्या जाऊबाईंच्या थाटात बसते. मी शाळेत गेले ती पाटी फुटेपर्यंत, तेव्हा खेळाचं शास्त्र माझ्याकडे मागू नका. मला सांगायचंय ते तिच्या एका खोडीबद्दल.

ऐन आणीबाणीच्या वेळी ही बाई भलतंच काहीतरी विचारते. माझ्या मुलाचं पोटाचं ऑपरेशन चाललं होतं. आम्ही दोघी बाहेर बाकावर. माझ्या तोंडाला कोरड पडलेली, आणि ही म्हणते, "आई, दोरीवरचे टॉवेल काढलेत का?" नवरा आत टेबलावर आणि हिला टॉवेलांची पडलीय. मी चरफडत आठवत बसले, काढले की नाही. हिच्या डोक्यात चालतं तरी काय, हे कोडं तेव्हापासून माझ्या मानगुटीवर बसलं.

तळ्यातून काढलेले चेंडू आणि कुणीतरी टाकून दिलेली काठी, यांवर ती खेळ शिकली. कामगारांना मैदान आठवड्यातून एकदाच मोकळं मिळतं. पण दरवर्षी त्यांची आपसात स्पर्धा होते, आणि जिंकेल त्याला वर्षभर रोज सकाळी, मेंबर लोक यायच्या आधी, खेळायची मुभा. तिला तेवढंच हवं होतं. मी कापलेल्या गवतावर मी मशीन घेऊनच का फिरायचं, असं ती भांडी घासताना म्हणायची. ती मुभा मात्र कँटीनवाले काका दरवर्षी खिशात घालत.

यंदा शेवटची लढत या दोघांतच होती, म्हणून मी बघायला गेले. प्रकार मोठा मजेशीर. एकूण फटके मोजत नाहीत, दर खड्ड्याचं वेगळं भांडण. हरलात तर तिथेच सोडायचं, पुढच्या खड्ड्याला नव्याने सुरुवात. ही रीत आमच्या ह्यांना ठाऊक असती तर आमचा संसार बराच सोपा झाला असता. शिवाय, चेंडू खड्ड्याच्या तोंडाशी आला की समोरचा "उचल" म्हणू शकतो. मग मारायचाही नाही, पडलाच असं धरतात.

काका दिवसभर कर्णाचा अवतार. उचल गं, उचल, चाललेलं. मला माणूस भला वाटला. शेवटच्या खड्ड्याला दोघं बरोबरीत आले. बरोबरी राहिली असती तर मुभा जुन्याकडेच, म्हणजे काकांकडे. काकांना चेंडू घालायला एक फटका जास्त लागला. सुनेचा चेंडू खड्ड्यापासून हातभर लांब. तो घातला की सकाळ तिची.

तिने काकांकडे पाहिलं. काका स्वतःचे बूट निरखायला लागले. तेव्हा माझी ट्यूब पेटली. दिवसभर उदार होऊन त्यांनी तिला जवळचा एकही चेंडू मारू दिला नव्हता. हाताला सवयच राहिली नव्हती.

 तिने काठी टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. मग मान वर करून थेट मला म्हणाली, "आई, दुधाखालचा गॅस बंद केलात ना?"

 पातेलं उतरवलेलं आठवत होतं, बटण फिरवलेलं काही आठवेना. मी डोळे मिटून शेगडीसमोर उभी राहिले, आणि तेवढ्यात टप्प असा आवाज झाला. लोक टाळ्या वाजवायला लागले. जो फटका बघायला उन्हात ताटकळले, तो मी पाहिलाच नाही. काका जाता जाता म्हणाले, "आजी, पळा, घर पेटलं असेल."

गॅस बंदच होता.

"मीच केला होता निघताना," सून म्हणाली.

"मग विचारलंस कशाला?"

"ओठ चावून किती थरथरत होतात तुम्ही. तुमच्याकडे बघून माझेही हात थरथरायला लागले. म्हटलं, तुम्हाला काहीतरी काम द्यावं."

मला बाकावरची ती दुपार आठवली. टॉवेल आठवता आठवता माझा श्वास जागेवर आला होता खरा.

"आणि ते टॉवेल गं?"

"तेही मीच काढले होते."

मुभेच्या पहिल्या सकाळी ती बूट घालून दारात उभी राहिली, काठी या हातातून त्या हातात, पण पाय काही उचलेना. मी विचारलं, किल्ली घेतलीस का? ती खिसे चाचपत जिना उतरून गेली. किल्ली तिला लागणारच नव्हती. मी घरातच होते.