मुदत उलटलेलं अपील

धम्मदिना मानकोलीच्या गोदामात पार्सलं स्कॅन करायची. एका संध्याकाळी ड्युटी सुटल्यावर दोघे तिचा मोबाइल हिसकावू लागले. तिने सोडला नाही, तेव्हा तोंडावर सळई मारली. डावा डोळा कायमचा गेला. ते दोघे सापडलेच नाहीत. तरीही सरकारकडे नुकसानभरपाई मागता येते असं कळलं, म्हणून तिने ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा कार्यालयात अर्ज केला.

दरम्यान काम सुटलं. कामतघरची खोली सोडून ती नारपोलीला भावाकडे राहायला आली. कागद अपुरे म्हणून अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र जुन्याच पत्त्यावर गेलं. शेजारच्या द्रौपदीकाकूंनी ते घेतलं, डब्यात जपून ठेवलं आणि विसरल्या. पाच महिन्यांनी आठवण झाली, तेव्हा स्वतः आणून दिलं.

कोर्टाबाहेरच्या टायपिस्टने पत्र उलटसुलट करून बघितलं. "अपिलाची मुदत संपली. त्यात फौजदारी कायदाही बदललाय. सोडून द्या."

तिने सोडूनच दिलं होतं. पण त्या रविवारी विहारात मोफत कायदा सल्ल्याचं शिबिर होतं आणि वहिनीने तिला जवळजवळ ओढतच नेलं. तिथे बसलेल्या वकील कमळताई भोईर यांनी पत्र दोनदा वाचलं.

"हे हातात कधी आलं?"

"गेल्या मंगळवारी."

"मग तसंच लिहू. नवा कायदा आला म्हणून तुमचा हक्क गेला नाही. उशीर झालाय, पण कारण पटलं तर अपील घेतात. पत्र कुठे होतं, हे सांगणारं कुणी आहे?"

म्हातारीला तिची चूक कागदावर लिहून दे म्हणायचं धम्मदिनाच्या जिवावर आलं. दारात जाऊनही ती नुसतीच चहा पीत बसली. शेवटी काकूंनीच विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"माज्यामुलं झालं ना? मंग मीच सांगन. त्यात लाजायचं काय हाय?"

गुडघे धरत काकू ठाण्याला आल्या, प्रतिज्ञापत्रावर अंगठा दिला. उशीर माफ झाला. पहिल्या अर्जाला न जोडलेले दवाखान्याचे कागद कमळताईंनी या वेळी जोडले होते. चार महिन्यांनी भरपाई मंजूर झाली.

धम्मदिनाने कृत्रिम डोळा बसवून घेतला, नारपोलीत गाऊन-परकरांचं छोटं दुकान टाकलं. उद्घाटनाला कमळताईही आल्या होत्या; फीत कापायला तिने काकूंना पुढे बोलावलं. काकू कमळताईंकडे बोट दाखवून मागे सरल्या, कमळताई काकूंकडे. धम्मदिनाने मग दोघींचे हात धरून एकाच कात्रीवर ठेवले.