ओल्या गाडीचा रंग

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी ड्रॉइंग सरांनी जुन्या गाड्यांच्या बाजारात एक पांढरी गाडी पास केली आणि थोड्याच वेळात तीच गाडी नाकारली. एकदा दिलेला निकाल सरांनी फिरवल्याचं त्याआधी बाजारात कोणी पाहिलं नव्हतं.

सर मुकुंदवाडीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले. आमच्या गल्लीत कोणाला स्वस्तातली गाडी घ्यायची असली की ते सरांना सोबत नेत. इंजिनातलं त्यांना फार कळत नसे आणि ते तसं सांगतही. ते पाहायचे फक्त रंग. गाडी शेडखालून उन्हात काढायला लावायची, हा त्यांचा पहिला हुकूम. "ऊन सगळ्या पत्र्यावर सारखं पडतं," ते म्हणत, "मग रंगही सारखाच उडाला पाहिजे. एखादा भाग तरुण दिसला, तर तो का, ते विचारा."

दुसरा हुकूम पाण्याबद्दल होता. गिऱ्हाईक दिसलं की दलाल गाडीवर ओलं फडकं फिरवतात. सर अशा गाडीजवळ जातच नसत. बाजूला छत्री उघडून उभे राहत. "ओल्या गाडीवर सगळे रंग सख्खे भाऊ. वाळू द्या."

गफूरभाई नावाचे दलाल यावर दर वेळी तेच म्हणत, "सर, आप भी ना! गाडी वाळेपर्यंत माझं गिऱ्हाईक वाळतं."

ओरखड्यांना मात्र सरांची हरकत नसे. बंपर घासलेला, छताचा रंग उडालेला, सीट फाटलेली, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसलेले, असल्या गाडीपाशी ते रेंगाळत. नवं सीट कव्हर दिसलं की ते उचलून खाली पाहत. माझ्या गाडीच्या वेळी मी दारावरच्या चऱ्यांकडे बोट दाखवलं, तेव्हा ते चिडले होते. "हे वय आहे. वयाला काय भ्यायचं? लपवलंय काय, ते बघ."

त्या रविवारी गाडी हवी होती मंगलला. ती आमच्या शेजारी राहते. तिचा नवरा चितेगावच्या कारखान्यात पाळीवर असतो आणि सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. परतताना त्यांना बसवत नाही. मागच्याच महिन्यात ते चालत्या रिक्षातून कलले होते. मंगलने शर्ट धरला म्हणून वाचले. आता तो ओळखीचा रिक्षावालाही गावी निघाला होता. पुढचं डायलिसिस मंगळवारी होतं. मंगल गाडी चालवायला शिकली होती, पण गाडी नव्हती. आधीच्या दोन रविवारी दलालांनी दाखवलेली प्रत्येक गाडी सरांनी नाकारली होती.

पांढरी गाडी उन्हात आली आणि वाळली. सर तिच्याभोवती फिरले. दुसरं एक गिऱ्हाईक, बापलेक, जवळच उभे होते. बाप म्हणाला, "तुमचं होत नसेल तर आम्ही घेतो."

"एकच रंग आहे," सर म्हणाले. "घे, मंगल."

मंगलने पर्स उघडली नाही. ती डावीकडच्या मागच्या दाराकडे पाहत होती.

"सर, हा दरवाजा येगळा दिसायलाय मला."

"वेगळा म्हणजे?"

"बाकी गाडी सायीसारखी हाय. हा चुन्यासारखा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दारापाशी वाकून पाहिलं. मग मागे सरकून पाहिलं. गफूरभाई म्हणाले, "ताई, उन्हामुळं वाटतंय. सरांच्या नजरेवर आता तुम्ही शंका घेणार काय?"

सर मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला दोन्ही एकच दिसतात. पण मंगल, तू सांगते आहेस तर बघू. दार उघड. चौकटीचं रबर ओढून काढ. आतल्या पत्र्यावर गोल ठिपके असतात, कंपनीत पत्रे जोडताना पडलेले. आहेत?"

मंगलने बोट फिरवलं. "नाय. सपाट हाय. वर लांबीचा लेप भरल्यावानी."

"पुढच्या दाराला बघ."

"हितं हायेत ठिपके."

सर गफूरभाईंकडे वळले. "काय लागलं होतं?"

"गाय घासली होती, सर."

"गाय चौकटीपर्यंत येत नाही."

गफूरभाईंनी एक प्लास्टिकची खुर्ची ओढून सरांच्या मागे ठेवली. सर बसले. "मंगल, ही नको. हिला जबर धडक बसलेली आहे," ते म्हणाले. बापलेकांनी सगळं ऐकलं होतं, तरी मुलगा बापाला म्हणाला, "चालवायचीय, चौकट कोण बघतंय." त्यांनी ती गाडी तिथंच घेतली.

मंगल खुर्चीपाशी आली. "सर, मंगळवार हाय हो परवा."

"माहीत आहे मला. ती कोपऱ्यातली राखाडी उन्हात घ्यायला सांग. मी इथंच बसतो. तू फिर आणि दिसेल ते मोठ्यानं बोल."

मंगल बोलत गेली. छताचा रंग उडालाय. बॉनेटचाही तेवढाच उडालाय. दारं चारही सारखी. पेडलवरचं रबर झिजून चकचकीत झालंय. मागचा बंपर फुटलाय. प्रत्येक दाराचं रबर ओढून तिने ठिपके पाहिले. सर मान हलवत राहिले. शेवटी ते इतकंच म्हणाले, "तुझं तू ठरव." मंगलने राखाडी गाडी घेतली.

घरी येताना सर पुढच्या सीटवर होते. गल्लीत उतरताना त्यांनी विचारलं, "पांढऱ्यातला फरक मला कधीपासून दिसेनासा झाला असेल?" मंगल म्हणाली, "डोळे दाखवू या, सर." त्यांनी नाही म्हटलं नाही.

मंगळवारी मंगलने सासऱ्यांना राखाडी गाडीतून डायलिसिसला नेलं. येताना ते मागच्या सीटवर आडवे झाले आणि घर येईपर्यंत झोपले. त्याच आठवड्यात तिने सरांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. त्याचं ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्याची नस सुकली आहे, ती नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्यानंतर गल्लीतले दोघे जण गाडीसाठी सरांकडे आले. सरांनी दोघांनाही मंगलच्या घरी पाठवलं. सर स्वतः बाजारात गेलेले नाहीत.