एका खिळ्याचा अर्ज

नागोराव सोनकांबळे यांनी एकतीस वर्षं युरोप खांद्यावर वाहिला. हैदराबादच्या विद्यापीठात, इतिहास विभागात ते शिपाई होते. घंटा झाली की दांड्याला गुंडाळलेला कापडी नकाशा वर्गात न्यायचा, फळ्याशेजारी टांगायचा आणि बाहेर येऊन दाराजवळच्या स्टुलावर बसायचं, हे त्यांचं काम. आत सर इंग्रजीत सुरू करत आणि पोरांच्या तोंडांकडे बघून हळूच तेलुगू-उर्दूत उतरत. नागोराव कान देऊन ऐकत. दहा-बारा वर्षांत सगळं इतकं पाठ झालं, की एखादे नवे सर फ्रान्सच्या लुईंचे आकडे चुकले तर हे बाहेर जीभ चावत. बोलत मात्र नसत. शिपायानं बोलायचं नसतं, एवढं राजकारण त्यांना युरोपाच्या आधीच कळलेलं होतं.

त्यांचा लाडका राजा म्हणजे इंग्लंडचा पहिला चार्ल्स. मला देवानं नेमलंय, जाब विचारणारे तुम्ही कोण, असं म्हणणारा. पार्लमेंट फार कटकट करते म्हणून या गड्यानं ती अकरा वर्षं बोलावलीच नाही. पुढे बोलवावीच लागली, तेव्हा भांडण पेटलं, लढाया झाल्या आणि प्रजेनं खटला भरून राजाचं मुंडकं उडवलं. दिवस जानेवारीचे. थंडीनं कुडकुडलो तर लोक म्हणतील भ्याला, म्हणून तो दोन सदरे घालून वधमंचाकडे गेला. राजेलोकांचं प्रेम नागोरावांना कधीच नव्हतं, बाबासाहेबांच्या माणसाला ते असणार कुठून? पण दोन सदऱ्यांपाशी आले की त्यांचा आवाज दर वेळी जड व्हायचा. बायको गीताबाई आणि नात दीपमाला यांनी ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली होती, की जड होण्याआधीच त्या एकमेकींकडे बघायच्या.

नांदेडकडून आलेल्या साठ-सत्तर घरांनी विद्यानगरच्या मागच्या गल्लीत एक लहानसा विहार बांधला होता, आणि नागोराव त्याचे वीस वर्षं अध्यक्ष होते. खोटं कशाला बोला, माणूस राबला होता. नळासाठी चपला झिजवल्या, पत्रे स्वतः उभं राहून बसवून घेतले. पण हळूहळू हुकूमही सुटायला लागले. फरशी नवी, भिंती नव्या, तर दारातच पाटी लागली: ‘भिंतीला खिळा ठोकू नये. हुकमावरून, अध्यक्ष.’ कपाटाच्या, माइकच्या, गेटच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या खिशात. त्या वजनानं त्यांच्या सगळ्या सदऱ्यांचा उजवा खिसा लोंबत असे.

परवाच्या डिसेंबरात संस्थेची नोंदणी नव्यानं करायची होती. फॉर्म कॉम्प्युटरवर, म्हणून काम दीपमालाकडे आलं. ती विहाराचं लाल रजिस्टर घेऊन बसली आणि पहिल्याच पानावर अडली. हैदराबादची पोर, मराठी बोलते फडाफडा, पण हातानं लिहिलेलं वाचायचं म्हणजे तिला डोंगर.

“आबा, लास्ट जनरल मीटिंगची डेट पाहिजे. हे रायटिंग मला येत नाही, तुम्हीच वाचा ना.”

नागोरावांनी चष्मा लावला आणि वर्गात घुमावा अशा आवाजात वाचलं, “अकरा जानेवारी, दोन हजार पंधरा.” मग पान उलटलं. पुढचं कोरं होतं. त्याच्या पुढचंही.

दीपमालानं बोटांवर हिशेब केला. “म्हणजे जानेवारी आला की इलेव्हन इयर्स.” आणि अगदी साध्या मनानं विचारलं, “आबा, तो चार्ल्सपण इलेव्हनच ना?”

नागोरावांनी रजिस्टर मिटलं. “मधे कोरोना होता.”

“अकरा वर्सं कोरोना?” अंबाडी निवडता निवडता गीताबाई म्हणाल्या.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ज्यानं ती गोष्ट हजारदा सांगितली, त्यालाच ती ऐकू आली नव्हती.  तिसऱ्या दिवशी नागोराव ताटावरच उसळले. “विहार उभा कोनी केला? नळ कोनी आणला?”

“तुमीच,” गीताबाई म्हणाल्या. “म्हनून काय तुमच्या नावावं झाला का?”

राग खरा तर भीतीचा होता. एकतीस वर्षं त्यांना ‘नागोराव, नकाशा’ यापलीकडे कोणी हाक मारली नव्हती. ‘अध्यक्षसाहेब’ ते फक्त विहारात होते. तेही गेलं तर हाती राहणार काय, ते जुनं स्टूलच ना? पण रोज वंदना झाली की तसबिरीतले बाबासाहेब समोर दिसत, आणि त्या नजरेपुढे कोरोनाचं निमित्त काही टिकेना. आठवड्यानं त्यांनी स्वतःच्या हातानं नोटीस लिहिली: जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी सर्वसाधारण सभा, अध्यक्षपदाची निवडणूक गुप्त मतदानानं. स्वतःचा अर्जही भरला. समोर उभा राहिला संघपाल, बँकेतला तिशीचा मुलगा.

त्या रविवारी सकाळी गारठा होता. नागोराव निघाले तर गीताबाई दुसरा सदरा घेऊन दारात उभ्या.

“वरून हा बी घाला.”

त्यांनी घातला.

सभा तीन तास चालली. नुसत्या चपला ठेवायच्या जागेवर गल्लीतल्या जयवंता मावशी पंधरा मिनिटं बोलल्या. अकरा वर्षांचं साठलेलं होतं. मग चिठ्ठ्या झाल्या. संघपाल अडतीस, नागोराव एकवीस. नागोरावांनी जुडगा काढून संघपालच्या हातावर ठेवला आणि त्याची पाठ थोपटली. 

घरी परतताना गीताबाई म्हणाल्या, “मी संघपालला दिलं मत.”

नागोराव थांबले. “काऊन?”

“गोष्ट पाठ हाय मला. तुमचं मुंडकं ऱ्हावं म्हनून.”

 नागोराव असे हसायला लागले, की रस्त्यातच चष्मा काढून पुसावा लागला.

पुढच्या आठवड्यात संघपाल घरी आला. जय भीम झाला, चहा झाला. “काका, रविवारी पोरांना इतिहास सांगाल का? मराठी वाचता येत नाही त्यांना, पण ऐकतात चांगलं.”

नागोराव उठले आणि पलंगाखालून एक लांब गुंडाळी ओढली. विभागात पडदे-प्रोजेक्टर आले, तेव्हा मोडीत निघालेला नकाशा साहेबांना विचारून त्यांनी घरी आणला होता. तो टांगायला खिळा हवा होता, आणि विहाराच्या दारात त्यांचीच पाटी होती. त्यांनी वहीतला कागद फाडला आणि अर्ज लिहायला घेतला.

“काका, तुम्हाला अर्ज कशाला? ठोका की.”

“तो नियम मी कोणालाच न विचारता केला होता,” नागोराव म्हणाले. “आता विचारून मोडू.”

समितीत अर्जावर चार हात बाजूनं आले. गिलावा पडेल म्हणून जयवंता मावशी विरुद्ध. ठराव मंजूर. नागोराव बेगम बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, “चाचा, एक खिला कौन बेचता? पाव किलो लेव.” मग पाव किलो घेतले. उरलेले विहाराच्या कपाटात जमा केले आणि नोंद करून घेतली.

रविवारी वीसेक पोरं जमली. नागोरावांनी खिळा ठोकला, नकाशा टांगला, कोपरा सरळ केला. आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं वळून दाराबाहेर निघाले.

“आबा, कुठं?” दीपमाला म्हणाली. “क्लास तुमचाय.”

नागोराव उंबऱ्यावर क्षणभर थांबले. मग आत आले, नकाशापाशी उभे राहिले आणि पहिल्या चार्ल्सपासून सुरुवात केली.