शाळेचा पोतराज

"शर्ट काढ."

बापूसरांनी छडीचं टोक माझ्या पहिल्या गुंडीला लावलं. हात लावला नाही. हात ते मला कधीच लावत नसत. पाठ सरळ करायची तर छडीनं, हनुवटी वर करायची तर छडीनं.

वर्ग भरलेला. पुढच्या बाकांवर मुली. मी दहावीत, मिसरूड नुकतं फुटायला लागलेलं. मी विचारलं, "सर, कशाला?"

"संमेलनात पोतराज बसवायचाय. लोककला आहे ती. तुझ्याशिवाय कोण करणार? तुझ्या रक्तातच आहे."

वर्ग हसला. मुलीही हसल्या.

मी शर्ट काढला. आत बनियन नव्हतं. बरगड्या दिसत होत्या. सरांनी टेबलावरचा पिळाचा कोरडा, पोतराजाचा आसूड, छडीनंच माझ्याकडं ढकलला. "मार. आवाज कसा येतो बघू."

मी मारला. आवाज आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

याला अपमान म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं नाही. शर्ट परत घालताना हात बाहीत जाईना. शब्द पुढं सापडला. आधी नुसती आग होती.

आम्ही मांग. श्रीगोंदा तालुक्यातलं गाव, गावाच्या खालच्या अंगाला आमची घरं. माझा बाप पोतराज. त्याला मी आबा म्हणायचो. कपाळभर कुंकू, कमरेला खणांच्या चिंध्यांचा घागरा, पायात चाळ, पाठीवर जट. आय डोक्यावर मरीआईची पेटी घेऊन डफ वाजवायची आणि आबा दारोदार स्वतःच्या अंगावर कोरडा ओढायचा. काष्टीच्या बाजाराला तर उन्हात दिवसभर. मग कुणी पसाभर जोंधळे टाकायचं. कुणी दार लावून घ्यायचं.

मी थोरला. जन्मलो तेव्हाच माझे केस देवीला सोडलेले. आबामागं मी पोतराज होणार, हे ठरलेलं. केस माझ्या कमरेपर्यंत आले होते. प्राथमिक शाळेत पोरं मला वेणी घालायला रिबन आणून द्यायची.

एक दिवस आबानं मला घरामागं नेलं. धनगराकडून मेंढरं भादरायची कातर मागून आणली होती. आय दारात उभी राहून रडत होती. "मरीआई कोपंल. पोरगं जाईल माझं." आबाही भ्यालाच होता. पण त्यानं कातर लावली. केस मातीत पडले तेव्हा मला म्हणाला, "आई कोपली तर माज्यावर कोपंल. तू शाळा शिक."

ज्याचं उभं आयुष्य देवीच्या भयात गेलं, त्या माणसानं हे केलं. आणि शाळेनं काय केलं? तमाशाच्या फडातून केसांचा टोप भाड्यानं आणला आणि माझ्या डोक्यावर चढवला.

मला बोलायचं होतं. वक्तृत्व. मराठीच्या तासाला मी उभा राहून धडा वाचला की वर्ग गप्प व्हायचा. मी सरांना तसं सांगितलं. भाषणात नाव घाला म्हणालो.

"बोलायला खूप पोरं आहेत," सर म्हणाले. "तू आपलं नाचायचं बघ."

संमेलन झालं. मी नाचलो. सरांनी आधीच बजावलं होतं, "खोटं खोटं मारू नकोस. वळ दिसले पाहिजेत. लांबच्या माणसालाही दिसले पाहिजेत." मी तसं मारलं. गाव उठून टाळ्या वाजवत होतं. संस्थेचे चेअरमन स्टेजच्या कडेशी येऊन म्हणाले, "वा! अगदी बापावर गेलाय."

मग आमचा पोतराज तालुक्याला गेला. तालुक्याहून नगरला. प्रत्येक ठिकाणी तोच घागरा, तोच टोप, तीच पाठ. नगरला आमच्या शाळेला फिरती ढाल मिळाली. येताना एसटीत पोरांनी ढाल मांडीवर आळीपाळीनं घेतली. माझी पाळी आली नाही. मी मागच्या सीटवर पुढं वाकून बसलो होतो. पाठ टेकवत नव्हती.

ते साल शाळेचं लई गाजलं. मॅट्रिकचा निकाल चांगला लागला होता. मुलींनी खो-खोचा कप आणला होता. श्रमदानानं पोरांनी पटांगण सपाट केलं होतं. पाऊस नव्हता, पिकं नव्हती, जनावरं विकायला लोक घोडेगावच्या बाजाराकडं निघाले होते, पण शाळा जोरात होती. हेडमास्तर प्रार्थनेनंतर ढाल उंच धरून म्हणाले, "ही ढाल आपल्या सर्वांची आहे."

ढाल सर्वांची. वळ माझे.

त्या दिवसापासून माझं नाव गेलं. पोरं पोतराज म्हणायला लागली. मग मास्तर म्हणायला लागले. हजेरी घेताना बापूसर माझ्या नावाशी थांबायचे, हसायचे आणि म्हणायचे, "पोतराज?" मी "हजर" म्हणायचो. लाज वाटते सांगायला, पण म्हणायचो.

आणि एवढं करून माठाला माझा हात चालत नव्हता. तहान लागली की व्हरांड्याच्या कडेला ओंजळ करून बसायचं. ज्याच्या मनात येईल तो वरून ओतायचा. शाळेला ढाल आणून दिली तरी ओंजळ तीच.

घरी मी पाठ लपवत होतो. शर्ट काढतच नव्हतो. नगरहून आल्यावर एका संध्याकाळी अंग तापलं. आयनं शर्ट सोडवला आणि आबाला हाक मारली. वळ पिकले होते.

आबा दिवा घेऊन जवळ आला. दिवा पाठीशी नेला. ते वळ कशाचे, हे त्याला विचारावं लागलं नाही.

"कुनी मारलं?"

"मीच."

"कशापायी?"

"शाळंसाठी. ढाल मिळाली."

आबा खाली बसला. त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "म्या पोटासाठी मारून घेतो. तुमी चार पोरं खाता म्हनून. तुज्या अंगावर कोरडा पडू नये म्हनून म्या मरीआईला सोडलेलं केस कापलं. आन् तू ढालीसाठी मारून घेतोस? कुनाच्या ढालीसाठी?"

त्या प्रश्नानं माझ्या डोक्यातली सगळी आग एका जागी गोळा झाली. आबा फसवत नव्हता कुणाला. भूक होती, मार होता, जोंधळे होते. सगळं उघड. शाळेनं मात्र तोच मार घेतला, त्याला लोककला नाव दिलं आणि वर मला सांगितलं, तुझा गौरव झाला.

उन्हाळा लागला. नगरचे एक मोठे साहेब दुष्काळी कामं बघायला येणार होते. जाताजाता शाळेला भेट. बक्षीस समारंभ त्यांच्याच हस्ते. बापूसरांनी मला बोलावलं. "टोप आणायला माणूस पाठवलाय. तयारीला लाग."

"मी करणार नाही, सर."

त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"करणार नाही."

"मग शाळेत कशाला येतोस? बापाबरोबर दारं हिंड."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी आबाला बोलावणं धाडलं. आबा ऑफिसच्या पायरीखाली, चपला काढून, उन्हात उभा. मी त्याच्या शेजारी. हेडमास्तर आतून खुर्चीतूनच बोलत होते. पोरगा उर्मट झालाय. त्याची नादारी, फीची माफी, बंद होईल. नाव कमी करावं लागेल.

आबा म्हणाला, "सायेब, त्याला नाचवू नगा. त्याला शिकू द्या."

बापूसर तिथंच होते. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अरे, मग तूच ये की! खरा पोतराज. साहेबांना अस्सल बघायला मिळेल."

मी आबाच्या तोंडाकडं बघत होतो. नको म्हण, नको म्हण.

"म्या नाचलो तर पोराला शाळंत ठेवाल?"

"ठेवू की," हेडमास्तर म्हणाले.

"मंग येतो."

घरी येईपर्यंत मी भांडलो. आबा, तू नको करूस. त्यानं एकच सांगितलं, "म्या रोजच नाचतो. तितं एक दिस नाचलो म्हनून काय झिजनार हाय?"

समारंभाच्या दिवशी पटांगणात मंडप घातला. खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी. साहेबांसाठी लिंबाचं सरबत, आणि वाडीवस्तीला हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट. हेडमास्तरांनी वर्षाचा अहवाल वाचला. निकाल, कप, श्रमदान, ढाल. ढालीला टाळ्या पडल्या. माझं नाव नव्हतं.

मग आबा आला. आयनं डफ धरला होता. तिनं पदर डोळ्यांपर्यंत ओढला होता, पोराची शाळा म्हणून. माझ्या शेजारची पोरं मला डिवचायला लागली. "ए, तुझा बाप बघ. बाप बघ."

मी बघितलं. रोज बघत होतो, पण त्या दिवशी खुर्च्यांच्या बाजूनं बघितलं. उपाशी माणूस गोल फिरतोय. दंडाला रक्त येतंय. आणि पोट भरलेली माणसं पंख्याचा वारा घेत मान डोलावतायत. बापूसर माईकवर सांगत होते, "ही आपल्या मातीची समृद्ध परंपरा."

साहेबांनी खिशातून नाणं काढलं आणि फेकलं. ते धुळीत घरंगळत गेलं. आबा ते उचलायला वाकला. चाळ वाजले.

मी उठलो.

कसा चालत गेलो, सांगता येत नाही. पोरांच्या अंगावरून गेलो. आबाच्या हाताला धरलं. "आबा, ऊठ."

"जा मागं," तो पुटपुटला. "पाया पडतो तुज्या, जा."

मी त्याच्या हातातून कोरडा घेतला. साहेबांच्या खुर्चीपुढं गेलो आणि तो दोन्ही हातांनी पुढं धरला.

"साहेब, हा घ्या. आता तुम्ही मारून घ्या. टाळ्या आम्ही वाजवतो."

साहेब कोरड्याकडं बघत राहिले. मग चेअरमन उठले. "मांगाच्या, माज आला व्हय रं?" मी हललो नाही. तसाच हात पुढं करून उभा राहिलो. बापूसरांकडं वळलो. "सर, तुम्ही घ्या. वळ दिसले पाहिजेत. लांबच्या माणसालाही."

त्यांनी माईक खाली ठेवला.

हेडमास्तरांना काही सुचेना. त्यांनी हार्मोनियमवाल्याला खूण केली आणि मधेच राष्ट्रगीत सुरू केलं. सगळ्यांना उभं राहावं लागलं. साहेब उभे, चेअरमन उभे, बापूसर उभे. आणि त्यांच्यासमोर माझा बाप. चिंध्यांचा घागरा, उघडं अंग, दंडावरून कोपरापर्यंत आलेला रक्ताचा ओघळ. तोही ताठ उभा राहिला. त्या मंडपात तितका ताठ दुसरा कुणी नव्हता.

राष्ट्रगीत संपलं तसे साहेब जीपकडं गेले. हेडमास्तर जाताजाता मला म्हणाले, "उद्यापासून पाऊल ठेवायचं नाही."

वाटेनं आय रडत होती. घरी आल्यावर आबा माझ्यावर ओरडला. "काय केलंस? आता गाव दार उघडंल व्हय आपल्याला?" खरंच होतं ते. पुढं कित्येक दिवस गावानं आबाला पसाभरही घातलं नाही. आय पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेली, तर मुकादमानं तिला सगळ्यात लांबचा ढीग दिला. माझ्या एका वाक्याची किंमत घरानं उपाशी राहून भरली. कुणी शूर म्हणून पाठ थोपटली नाही.

पण त्या रात्री आबानं घागरा खुंटीला अडकवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "उद्या शाळंत जा."

"काढलंय मला."

"कुनी लिहून दिलंय का? तोंडानं काढलंय. जा."

मी गेलो. प्रार्थनेला ओळीत उभा राहिलो. वर्गात जाऊन बाकावर बसलो. बापूसरांनी हजेरीत माझं नाव घेतलं नाही. मी उठून म्हणालो, "माझं नाव राहिलं, सर." आणि माझं नाव मीच मोठ्यानं सांगितलं. पुरं नाव, बापाच्या नावासकट.

हेडमास्तर आले. "बाहेर हो."

"नाही."

"बाहेर हो म्हणतो ना!"

"मी शिकायला आलोय, सर."

त्यांनी शिपायाला हाक मारली. "काढ रे याला ओढून." शिपाई दारातून आत आला, माझ्या बाकापाशी थांबला. हात पुढं केला, परत मागं घेतला. म्हणाला, "सर, याला शिवलो तर मला परत आंगुळ करावी लागंल. पानी कुठंय?"

कुणी हसलं नाही. हेडमास्तरांनी बापूसरांकडं बघितलं. बापूसरांनी खिडकीकडं बघितलं. एवढी माणसं, आणि एका पोराला बाकावरून उठवायला कुणाचा हात पुढं होईना.

तेव्हा मला लख्ख दिसलं. यांनी मला लांब ठेवण्यासाठी जी भिंत बांधली, तिच्यामुळं आता यांनाच माझ्यापर्यंत पोहोचता येत नव्हतं. मला हलवायचं तर मला शिवावं लागणार. माणसाला शिवावं तसं, हात धरून.

मी बाकाची कड घट्ट धरली. पुस्तक उघडलं. उद्याही येणार होतो, परवाही. मॅट्रिकला बसणार होतो. नादारी काढतील, नाव काढतील, घरी पाणी तोडतील. तोडू देत. ज्याला मला उठवायचं असेल त्यानं आधी हात लावायची हिंमत करावी.

मी उठणार नाही.